कॅनडाने जोडीदाराचा स्पॉन्सरशिप अर्ज फेटाळला, तर अपील कसं करायचं

कॅनडातून नवऱ्याला किंवा बायकोला बोलावण्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला की चहूबाजूंनी सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, नव्याने फाइल टाक. कुणी म्हणतं, एजंट बदल. इकडे भारतात सासरी-माहेरी वेगळाच ताण असतो, कारण लग्न होऊन वर्ष उलटलं तरी मुलगी अजून इथेच कशी, हे लोक विचारत राहतात. या सगळ्या गडबडीत आधी जिकडे बघायला हवं ती तारीख मागे पडते. नकाराची कारणं स्पॉन्सरच्या, म्हणजे कॅनडातून जोडीदाराला बोलावणाऱ्याच्या, हातात पडली त्या दिवसापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस दाखल करावी लागते. बाकीच्या तयारीला पुढे वेळ मिळतो, या एका कामाला मिळत नाही. म्हणून पत्राचं पाकीट किंवा ईमेल तारखेसकट जपून ठेवा आणि मगच पुढचं वाचा.

अपिलाचा हक्क तुम्हाला आहे का?

हे अपील इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाच्या इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे जातं. सगळे त्याला आयएडी म्हणतात. अपील करायचं असतं ते कॅनडात बसलेल्या स्पॉन्सरने, भारतातल्या जोडीदाराने नाही. नकाराचं पत्र जोडीदाराच्या नावाने आलेलं असतं, त्यामुळे घरच्यांचा इथेच गोंधळ होतो.

हक्क कुठल्या अर्जाला आहे, हेही नीट बघा. जोडीदार कॅनडाबाहेर आहे असं धरून फॅमिली क्लासमध्ये, म्हणजे जवळच्या नातलगांना बोलावण्याच्या वर्गात, केलेला अर्ज फेटाळला तर आयएडीकडे जाता येतं. पण जोडीदार कॅनडातच राहत होता आणि कॅनडातल्या जोडीदारांसाठीच्या वर्गात अर्ज केला होता, तर आयएडीचं दार बंद असतं. तिथे फेडरल कोर्टात न्यायालयीन पुनर्विलोकनाची परवानगी मागावी लागते, आणि त्यासाठी फक्त १५ दिवस मिळतात. आपला अर्ज नेमक्या कुठल्या वर्गातला होता हे आठवत नसेल तर जुन्या फॉर्मची प्रत आजच काढा.

सुरक्षेचा धोका, मानवाधिकारांचं उल्लंघन, संघटित गुन्हेगारी किंवा गंभीर गुन्हा या कारणांवरून नकार आला असेल तर अपील होत नाही. खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र जोडीदाराच्या बाबतीत अपवाद आहे, तिथे स्पॉन्सरला अपील करता येतं. आणखी एक बारीक गोष्ट. स्पॉन्सरशिपच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुम्ही स्पॉन्सर म्हणून अपात्र ठरलात तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालवायचा? फी परत मिळेल म्हणून अनेक जण ‘मागे घ्या’वर खूण करतात. मग अपात्रतेवरून फाइल थांबली तर अपिलाचा हक्कही त्या खुणेबरोबर जातो.

पहिले ३० दिवस

नोटीस ऑफ अपीलचा फॉर्म बोर्डाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो भरून नकारपत्राच्या प्रतीसह पाठवायचा. फी लागत नाही. या टप्प्यावर लांबलचक कैफियत लिहायची गरज नाही आणि पुराव्यांचा गठ्ठाही जोडायचा नाही. नाव, पत्ता, फोन, ईमेल बिनचूक द्या, दुभाषा हवा असेल तर भाषा लिहा, आणि पाठवल्याची पोच जपून ठेवा. पुढे घर बदललं तर नवा पत्ता लगेच कळवा. तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तुम्ही हजर राहिला नाहीत, तर अपील सोडून दिल्याचं धरून ते बंद केलं जाऊ शकतं.

मुदत टळलीच असेल तर मुदतवाढ मागता येते. उशीर का झाला हे पुराव्यासह सांगावं लागतं, आणि ती मिळेलच असं नाही. ‘एजंटने सांगितलंच नाही’ एवढ्यावर भागत नाही.

याच काळात आयआरसीसीकडे, म्हणजे अर्ज हाताळणाऱ्या कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याकडे, माहितीच्या अधिकारात फाइलच्या नोंदी मागवा. याला लोक जीसीएमएस नोट्स म्हणतात. फी पाच डॉलर असते आणि जोडीदाराची लेखी संमती लागते. नकारपत्रात दोन-चार ठोकळेबाज वाक्यं असतात. ऑफिसरच्या मनात खरंच काय होतं ते या नोंदींत कळतं. अपील दाखल झाल्यावर सरकारी बाजूकडून अपील रेकॉर्ड येतो, त्यातही अर्ज, मुलाखतीची टिपणं आणि कारणं असतातच. त्यामुळे नोंदी यायच्या बाकी आहेत म्हणून नोटीस अडवून ठेवू नका.

ऑफिसरने नेमकं काय नाकारलं?

जोडीदारांच्या बहुतेक प्रकरणांत कॅनडाच्या इमिग्रेशन नियमावलीतलं चौथं कलम लावलेलं असतं. त्यात दोन गोष्टी आहेत: लग्न मुख्यतः इमिग्रेशनचा फायदा मिळवण्यासाठी केलं, किंवा लग्न खरं नाही. २०१० पूर्वी नकारासाठी दोन्ही गोष्टी लागायच्या. त्या वर्षीच्या बदलानंतर कुठलीही एक पुरते. म्हणजे तुम्हाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. पहिली बाजू लग्नाच्या वेळच्या हेतूची असते, तिथे स्थळ कसं आलं, कुणी पुढाकार घेतला, बोलणी कशी झाली हे मोलाचं ठरतं. दुसरी बाजू आजच्या संसाराची असते. नकारानंतर तुम्ही भारतात जाऊन एकत्र राहिलात, आजारपणात धावून गेलात, मूल झालं, हे सगळं तिथे मोजलं जातं. मुलाचा जन्म हा फार वजनदार पुरावा मानला जातो, पण तेवढ्यावर निश्चिंत राहू नका.

इथे एक कटू गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लग्नाच्या खरेपणावर नकार आला असेल तर ‘आमच्यावर दया करा, आई थकली आहे, बायकोची तब्येत खालावली आहे’ या मुद्द्यांना कायद्याने जागा नाही. मानवतेच्या आधारावर सवलत देण्याचा अधिकार आयएडीला आहे, पण तो जोडीदार फॅमिली क्लासमध्ये बसतो हे सिद्ध झाल्यावरच वापरता येतो. खोटी माहिती किंवा गुन्ह्याची नोंद अशा कारणांवर नकार असेल तर हे मुद्दे जोरात मांडावेत. लग्नाच्या खरेपणावर असेल तर सगळा जोर पुराव्यावर हवा.

काही नकार तांत्रिक असतात, आणि ते जास्त अवघड जातात. स्पॉन्सरने स्वतःच्या पीआरच्या (कायमच्या वास्तव्याच्या परवान्याच्या) वेळी जोडीदाराची माहिती दिलीच नव्हती, हा त्यातला आपल्या मुलांचा नेहमीचा घोटाळा. शिकायला आलेला मुलगा अविवाहित म्हणून पीआरचा अर्ज करतो, अर्ज चालू असताना गावी लग्न होतं, आणि ते कळवायचं राहून जातं. अशी बायको नियमाने फॅमिली क्लासमधून वगळली जाते आणि आयएडीलाही तिथे सवलत देता येत नाही. फोनवरून किंवा ऑनलाइन लागलेलं लग्नही २०१५ पासून या वर्गात चालत नाही. स्पॉन्सर स्वतः जोडीदार म्हणून कॅनडात आला असेल तर त्याला पीआर मिळाल्यापासून पाच वर्षं नव्या जोडीदाराला बोलावता येत नाही. अशा प्रकरणात अपिलात वर्षं घालवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्याच.

अपील की नवा अर्ज?

दोन्ही रस्ते कायद्याने मोकळे आहेत. कागद खरंच कमी पडले असतील, म्हणजे लग्नानंतर दोन महिन्यांत अर्ज टाकला, फोटो जोडले नाहीत, पत्रव्यवहार दिलाच नाही, तर भक्कम नवा अर्ज कधी कधी लवकर मार्गी लागतो. पण ऑफिसरने तुमच्या बोलण्यावर अविश्वास दाखवला असेल, मुलाखतीत विसंगती नोंदवली असेल, तर तीच टिपणं नव्या अर्जावेळी पुन्हा समोर येतात. तिथे अपील बरं, असं माझं ठाम मत आहे. आयएडीसमोर प्रकरण नव्याने उभं राहतं. ऑफिसरपुढे नव्हता तो पुरावा देता येतो, आणि एक माणूस तुमचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकतो. फक्त एक ध्यानात ठेवा: अपील हरल्यावर तोच पुरावा घेऊन पुन्हा अर्ज आणि पुन्हा अपील केलं, तर ‘हे ठरून गेलंय’ म्हणून दुसरं अपील सुरुवातीलाच निकालात निघू शकतं. पहिलं अपीलच पूर्ण ताकदीने लढा.

पुरावा: एकेका शंकेला एकेक उत्तर

सर्वांत मोठी चूक गठ्ठा पाठवण्याची होते. हजार पानांचं चॅट, लग्नाचा सगळा अल्बम, सगळ्या नातेवाइकांची एकाच छापाची पत्रं. अपील ऐकून निकाल देणाऱ्या आयएडीच्या मेंबरला त्यातून काही सापडत नाही. त्यापेक्षा एक कागद घ्या, डाव्या बाजूला ऑफिसरची प्रत्येक शंका उतरवा, उजव्या बाजूला तिचं उत्तर आणि त्याचा पुरावा लिहा. एकही शंका रिकामी राहता कामा नये.

समजा ऑफिसरने लिहिलंय की पहिल्या भेटीनंतर दहा दिवसांत लग्न झालं, एकमेकांना ओळखायला वेळच नव्हता. आपल्याकडच्या माणसाला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही, कारण आधीचं सगळं त्याला न सांगता माहीत असतं. ऑफिसरला ते माहीत नव्हतं आणि तुम्ही सांगितलंही नव्हतं. तर आता क्रमाने सांगा. बायोडाटा कुठल्या मामीने कधी पाठवला, पत्रिका कुणी बघितली, मुलाच्या आईवडिलांनी मुलीच्या घरी जाऊन कांदेपोहे कधी खाल्ले, त्यानंतर दोघं व्हिडिओ कॉलवर किती महिने बोलत होते, बैठक कधी बसली, मुहूर्त कुणी काढला. रजा तीनच आठवड्यांची होती म्हणून प्रत्यक्ष भेट शेवटी आली. ती ओळखीची सुरुवात नव्हती. आता पुरावे जोडा: बायोडाटा पाठवल्याच्या मेसेजची तारीख, कंपनीचं रजेचं पत्र, मुलगा विमानात बसण्याआधीच कार्यालयाला दिलेल्या आगाऊ रकमेची पावती, लग्नपत्रिका, तिकीट. शंका मोडते ती त्या कार्यालयाच्या पावतीवरच्या तारखेने.

ठरवून केलेल्या लग्नाला पाश्चात्त्य लग्नाची मोजपट्टी लावू नये, असं कॅनडाच्या फेडरल कोर्टाने सांगितलेलं आहे, आणि वकील ते निर्णय सादर करतात. पण प्रथा काय आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमचीच असते. तुमच्या घरात जे झालं ते प्रथेपेक्षा वेगळं असेल तर ते का, हेही सांगावं लागतं.

घटस्फोटित मुलगी आणि अविवाहित मुलगा, किंवा वयात मोठं अंतर असेल तर ऑफिसर तिथे अडतोच. दुसरं लग्न म्हणून आळंदीला जाऊन मोजक्या माणसांत लग्न लावलं, तर फोटोत पंधरा माणसं दिसतात आणि नोंद होते, ‘कुटुंबाचा सहभाग नाही’. यावर उगाच सारवासारव करू नका. दोन्ही घरांना गाजावाजा का नको होता हे आईवडिलांनी स्वतःच्या शब्दांत प्रतिज्ञापत्रावर लिहावं, नंतर घरी झालेल्या सत्यनारायणाचे किंवा दिवाळसणाचे फोटो जोडावेत. आधीच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागतेच, आणि दुसऱ्या लग्नाची तारीख त्या हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलाची मुदत संपल्यानंतरची आहे ना, हेही तपासा.

चॅटमधून निवड करा. दर महिन्यातले थोडे संवाद घ्या, आणि गोड-गोड शुभेच्छांपेक्षा साधे संवाद घ्या: गॅस सिलेंडर संपला, सासूबाईंच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, भाड्याचे पैसे पाठवले का. संसार अशाच बोलण्यात दिसतो. कॉलच्या नोंदी सलग काळाच्या द्या. पैसे पाठवल्याच्या बँक नोंदी, विमा आणि भविष्य निर्वाह निधीतलं वारसाचं नाव, एकत्र प्रवासाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, हे सगळं लग्न टिकून असल्याचं दाखवतं.

महाराष्ट्रातल्या कागदांत दोन जागा हमखास अडतात. लग्न लागलं ती तारीख वेगळी आणि ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी झाली ती वेगळी. नवरा एक सांगतो, बायको दुसरी, आणि ती विसंगती ठरते. दोन्ही तारखा दोघांनीही स्पष्ट ओळखून सांगाव्यात. दुसरी जागा नावाची. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात, पण पासपोर्टवर माहेरचंच राहतं. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात बदल छापला असेल तर तोही जोडा.

मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजी किंवा फ्रेंच भाषांतरासह द्यावा लागतो, आणि सोबत भाषांतरकाराची सही असलेली घोषणा लागते. रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी चॅटही मराठीच धरलं जातं. घरच्याच कुणाकडून भाषांतर करून घेऊ नका. पानांना क्रमांक घाला, यादी करा, आणि आयएडीने दिलेल्या मुदतीत आयएडीला व सरकारी बाजूला दोघांनाही पाठवा.

सुनावणीआधी

काही प्रकरणांत आयएडी अनौपचारिक तोडग्यासाठी बोलावते. तिथे सरकारी प्रतिनिधी थोडे प्रश्न विचारतो आणि त्याचं समाधान झालं तर पूर्ण सुनावणीशिवाय अपील मान्य होऊ शकतं. ही बैठक हलक्यात घेऊ नका, तयारी सुनावणीइतकीच करा.

दरम्यान पीआर असलेल्या स्पॉन्सरने एक पथ्य पाळावं. नोकरी सोडून बायकोकडे गावी कायमचं राहायला जाऊ नका. नागरिक स्पॉन्सरला बाहेर राहूनही अर्ज चालवता येतो, पीआर असलेल्याला कॅनडात राहत असणं आवश्यक आहे. मोठ्या सुट्ट्या जरूर घ्या, पण घर, नोकरी, कर कॅनडातच ठेवा. जोडीदाराला या काळात व्हिजिटर व्हिसासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जात आधीचा नकार लपवू नका. खोटी माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षांची बंदी येते.

सुनावणी

सुनावणी आता बहुतेक वेळा व्हिडिओवर होते. मेंबर, सरकारी बाजूचा प्रतिनिधी, तुम्ही, तुमचा वकील, दुभाषा, आणि भारतातून साक्ष देणारा जोडीदार. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्याला बाहेर थांबवतात. भारतात ती वेळ संध्याकाळची किंवा रात्रीची असते, तेव्हा वीज, नेट आणि बंद दाराची खोली यांची सोय आधीच करा. शेजारी सासरे बसून उत्तरं सुचवत आहेत असं वाटलं तर सगळ्या साक्षीवर पाणी पडतं.

दुभाषा बोर्ड विनामूल्य देतं. मराठीत सहज बोलता येत असेल तर मराठीच मागा, ‘हिंदी चालेल’ म्हणू नका. प्रश्न नीट कळला नाही तर तिथेच सांगा.

विचारतात काय? स्थळ कुणी आणलं, आधी किती स्थळं पाहिली, याच मुलीला होकार का दिला, लग्नाचा खर्च कुणी केला, ती दिवसभर काय करते, तुमची शिफ्ट किती वाजता सुटते, घरभाडं किती, आल्यावर राहणार कुठे. नवरा म्हणतो ‘ती घरीच असते’, आणि बायको सांगते की सहा महिन्यांपासून ती कराडला टॅलीचा क्लास करते. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण नवऱ्याला बायकोचा दिवस माहीत नाही असं नोंदवलं जातं. यावर उपाय म्हणजे उत्तरं पाठ करणं नव्हे. पाठ केलेली उत्तरं शब्दाला शब्द जुळतात आणि मेंबरला ते लगेच कळतं. सुनावणीच्या आधीचे महिने एकमेकांशी खरोखर बोला, जुनी फाइल दोघांनीही वाचा, पूर्वीच्या मुलाखतीत काय सांगितलं होतं ते समोर ठेवा. तेव्हा घाबरून चुकीचं उत्तर दिलं असेल तर ते आताच मान्य करून कारण सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका.

पुराव्याचा भार तुमच्यावर असतो, पण मोजमाप फौजदारी खटल्याचं नसतं. लग्न खरं असण्याची शक्यता जास्त आहे, इतकं मेंबरला पटायला हवं.

वकील कोण?

पैसे घेऊन तुमची बाजू मांडायला कॅनडातल्या प्रांतिक लॉ सोसायटीचा वकील, क्युबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागार चालतो. सल्लागाराला बोर्डासमोर उभं राहण्यासाठी ‘आरसीआयसी-आयआरबी’ हा वरच्या श्रेणीचा परवाना लागतो, साधा परवाना फक्त अर्ज भरण्यापुरता असतो. कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत नाव शोधा. गावाकडच्या व्हिसा एजंटला हा हक्क नाही, त्याचं ऑफिस कितीही मोठं असलं तरी. फी परवडत नसेल तर अपील सोडू नका. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते आणि पैसे न घेणारा नातलगही मदतीला उभा राहू शकतो.

निकालानंतर

निकाल कधी सुनावणी संपताच तोंडी देतात, कधी लेखी पाठवतात. विरोधात गेला तर फेडरल कोर्टाची परवानगी मागायला पुन्हा १५ दिवसच मिळतात. तिथे नवा पुरावा ऐकत नाहीत, निर्णय वाजवी होता का एवढंच तपासतात. सरकारी बाजूही कोर्टात जाऊ शकते.

अपील मंजूर झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी व्हिसा आला असं नाही. फाइल व्हिसा ऑफिसकडे परत जाते आणि थांबली होती तिथून पुढे चालते. जुनी वैद्यकीय तपासणी आणि पोलीस क्लिअरन्स यांची मुदत तोवर बहुधा संपलेली असते, पासपोर्टचीही संपत आलेली असते. निकालाची वाट बघत असतानाच पासपोर्टचं नूतनीकरण करून घ्या. मूल झालं असेल तर त्याच्या जन्माची माहिती आणि कागद न मागता ताबडतोब पाठवा, कारण मुलाची नोंद त्याच फाइलमध्ये व्हायला हवी.